घरामागे तेलविहीर: गावकरी नेमके कशाला घाबरतात?

12 जून 2025 रोजी आसामच्या शिवसागर जिल्ह्यात, रुद्रसागर तेलक्षेत्रातल्या ओएनजीसीच्या एका जुन्या विहिरीतून वायू उसळून बाहेर पडायला लागला. विहिरीवरचं काम खासगी कंत्राटदाराकडे होतं. आसपासच्या शेकडो कुटुंबांना घरदार सोडून छावणीत जावं लागलं. अमेरिकेतून तज्ज्ञ बोलवावे लागले आणि 27 जूनला विहीर शांत झाली. आग लागली नाही, हे नशीब.

आपल्याकडे या घटनेची फारशी चर्चा झाली नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. महाराष्ट्राचं तेल समुद्रात आहे. मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं, 1976 पासून तिथून उत्पादन सुरू झालं, आणि ते मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत आहे. गोठ्याच्या मागे रिग, म्हणजे विहीर खोदायचं मनोऱ्यासारखं यंत्र, उभी राहिलीय, हे दृश्य आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. अप्पर आसाम, आंध्रातला गोदावरीचा त्रिभुज प्रदेश, तमिळनाडूतला कावेरीचा त्रिभुज प्रदेश आणि गुजरातमधला खंभात ते मेहसाणा पट्टा इथे मात्र विहिरी शेतात, वाडीत, चहाच्या मळ्यात आहेत. अंकलेश्वर-वडोदरा भागातल्या मराठी कुटुंबांना हे सांगायची गरज नाही. तिथे तेल 1960 पासून आहे.

अशा गावांतून विरोध झाला की शहरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘यांना विकास नको आहे.’ ती देण्याआधी विहीर म्हणजे काय, ती बिघडते कशी आणि न बिघडताही काय करते, हे पाहू.

बोअरवेल आणि तेलविहीर

शेतातली बोअर सगळ्यांना माहीत असते. पाणी खाली असतं, वर यायला तयार नसतं, म्हणून मोटर लावावी लागते. वायूच्या विहिरीत नेमकं उलटं घडतं. तिथला वायू वर यायला टपलेला असतो आणि माणसाची सगळी धडपड त्याला रोखून धरण्याची असते.

कारण खोली. दर दहा मीटर पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब वाढतो. जमिनीखालच्या सच्छिद्र खडकातही सर्वसाधारणपणे हाच हिशेब लागू होतो, काही ठिकाणी दाब याहूनही जास्त भरतो. म्हणजे 3,870 मीटरवर किमान 387 किलो. तिथला वायूचा एक बुडबुडा मोकळा होऊन वर निघाला की दाब कमी होत जातो तसा तो फुगत जातो आणि पृष्ठभागावर येईपर्यंत शेकडो पट मोठा झालेला असतो.

त्याला रोखतात कसं? खोदताना विहिरीत जड चिखलासारखा द्रव भरलेला असतो, त्याला रिगवरची माणसं ‘मड’ म्हणतात. मडच्या स्तंभाचं वजन वायूच्या दाबापेक्षा किंचित जास्त ठेवायचं, ही पहिली राखण. दुसरी राखण विहिरीच्या तोंडावर बसवलेली, अनेक टनांची झडपांची चळत: ब्लोआउट प्रिव्हेंटर, थोडक्यात बीओपी. मड कमी पडला तर बीओपी तोंड आवळते. याशिवाय विहिरीत पोलादी नळ्या उतरवून त्यांच्या बाहेरच्या फटीत सिमेंट भरतात. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा थर आणि विहिरीतला माल यांच्यामध्ये एवढंच असतं: पोलाद आणि सिमेंट.

एका राखणीवर भिस्त ठेवायची नाही, एक काढण्याआधी दुसरी तपासून घ्यायची, हा या धंद्यातला पहिला धडा. दोन्ही एकाच वेळी निकामी झाल्या की वायू मोकाट सुटतो. त्याला ब्लोआउट म्हणतात.

बागजान, 2020

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातलं बागजान हे या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. तिथली ऑइल इंडियाची पाच नंबरची विहीर 2006 ची. चौदा वर्षं ती 3,870 मीटर खोलीवरून मुकाट्यानं वायू देत होती. 2020 मध्ये त्याहून वरच्या थरातून वायू काढायचं ठरलं. चालू विहिरीत पुन्हा हत्यारं घालून असं काम करणं म्हणजे ‘वर्कओव्हर’. तेही कंत्राटानं दिलेलं.

27 मे रोजी सकाळी ब्लोआउट झाला. राष्ट्रीय हरित लवादानं निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या प्राथमिक अहवालाचा रोख स्पष्ट होता: उरलेली राखण तपासून न घेताच बीओपी काढली गेली. विहिरीत बूच म्हणून भरलेलं सिमेंट पक्कं झालं आहे की नाही, याची खात्री करण्याआधी.

पुढचे तेरा दिवस वायू नुसता बाहेर पडत होता. त्यासोबत कंडेन्सेट येत होतं, म्हणजे वायूबरोबर येणारं पातळ, पेट्रोलसारखं तेल. ते भुरभुर पावसासारखं पडत राहिलं. केळीच्या पानांवर, सुपारीच्या झाडांवर, चहाच्या मळ्यांवर, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर. तळ्यांवर तेलाचा तवंग धरला. शेजारीच मागुरी-मोटापुंग हे पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं बील, म्हणजे पाणथळ तलाव, आणि विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. त्या दिवसांत मेलेले मासे आणि गंगेतल्या जातीचा मेलेला डॉल्फिन सापडल्याच्या बातम्या आल्या.

9 जूनला आग लागली. ऑइल इंडियाचे दोन अग्निशमन कर्मचारी त्यात गेले, पुढे सप्टेंबरमध्ये तिथे काम करणारा एक तरुण अभियंताही दगावला. आसपासची घरं जळाली. कोविडची टाळेबंदी चालू असताना हजारो माणसं शाळांतल्या छावण्यांत दाटीवाटीनं राहिली. सिंगापूरच्या कंपनीचे तज्ज्ञ, कॅनडाहून अजस्र मालवाहू विमानानं आणलेली यंत्रसामग्री, असं सगळं करून विहीर पूर्ण बंद झाली ती 15 नोव्हेंबरला. साडेपाच महिने उलटून गेल्यावर.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तारखांमधलं अंतर. विहीर 2006 ची, अपघात 2020 चा. गावानं खोदकामाचा गोंगाट सोसला, रिग निघून गेली, एक कुंपण आणि झडपांचा खांब उरला, मुलं त्याच्या शेजारून शाळेत जायला लागली. परवानगी, पाहणी, चर्चा, जे काही व्हायचं ते खोदकामाच्या वेळी होतं. धोका मात्र विहिरीच्या आयुष्यभर तिथेच असतो आणि प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी पुन्हा डोकं वर काढतो. रुद्रसागरची विहीरही जुनीच होती. ‘उद्यापासून वर्कओव्हर आहे, तीन आठवडे चालेल, भोंगा वाजला तर वाऱ्याच्या उलट दिशेला अमुक मैदानात जमा,’ इतकं जरी गावाला आधी कळलं तरी बराच फरक पडेल.

स्फोट झालाच नाही तर?

बहुतेक विहिरी कधीच फुटत नाहीत. पण रोजचा त्रास तिथेही असतो. रिग रात्रंदिवस चालते, कारण अर्धवट खोदलेलं भोक तसंच सोडणं धोक्याचं असतं. म्हणजे काही आठवडे डिझेल जनरेटरची घरघर, प्रखर दिवे, आणि बैलगाडीच्या रस्त्यावरून जड ट्रक. जादा वायू जाळून टाकायची ज्योत, तिला फ्लेअर म्हणतात, ती पेटली की आजूबाजूला रात्र उरत नाही.

हवेचं काय? नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो, तो हलका असल्यानं वर निघून जातो. कंडेन्सेटच्या वाफा जड असतात, त्या खळग्यात, ओढ्यात साचतात. त्यात बेन्झीन असतं, आणि बेन्झीननं रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. काही क्षेत्रांत हायड्रोजन सल्फाइडही निघतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच जाते. वास थांबला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि तीच वेळ घातक असते. चीनमध्ये चोंगचिंगजवळ 23 डिसेंबर 2003 च्या रात्री अशा एका विहिरीच्या ब्लोआउटमध्ये 243 माणसं गेली. आग लागून नाही, या वायूनं. त्यात मोठ्या संख्येनं शेजारच्या गावातले लोक होते.

आजारांवरचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. पिट्सबर्ग विद्यापीठानं पेनसिल्व्हेनियासाठी केलेल्या संशोधनाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. विहिरी उत्पादन देत असताना जवळ राहणाऱ्यांचा दमा बळावतो, असा ठळक संबंध त्यात दिसला. विहिरीपासून एका मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये लिम्फोमा या दुर्मिळ कर्करोगाची शक्यताही जास्त आढळली. मात्र एक लक्षात ठेवायला हवं. त्या विहिरी खडक पाण्याच्या दाबानं फोडून वायू काढणाऱ्या आहेत, त्याला फ्रॅकिंग म्हणतात. भारतातल्या बहुतेक विहिरी तशा नाहीत, त्यामुळे ते आकडे उचलून आसामवर चिकटवता येणार नाहीत. पण ‘आपल्याकडे धोका नाही’ असंही त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी आपल्याकडे मोजावं लागेल.

पाण्याबाबत दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तेलाबरोबर खारं पाणी भरपूर वर येतं. ते पुन्हा जमिनीखाली सोडायचं असतं, पण खड्ड्यात साठवलं आणि बांध फुटला तर शेताची माती खारावते. दुसरी गोष्ट गळकं सिमेंट किंवा गंजलेल्या नळ्या. तंजावर जिल्ह्यातल्या कथिरामंगलम गावात जून 2017 मध्ये ओएनजीसीची नळी गळून भातशेतीत तेल पसरलं आणि तिथलं आंदोलन पेटलं. त्याच वर्षी नेडुवासल गावात नव्या विहिरींविरुद्ध शेतकरी महिनोन्‌महिने बसून होते. 2020 मध्ये तमिळनाडूनं कायदा करून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा मोठा भाग संरक्षित कृषी क्षेत्र ठरवला आणि तिथे नव्या तेल-वायू प्रकल्पांना बंदी घातली. जुन्या विहिरींना ती लागू नाही.

जमीन माझी, तेल कोणाचं?

भारतात जमीन तुमची असली तरी खालचं तेल सरकारचं. जमिनीवरच्या क्षेत्राचा परवाना राज्य सरकार केंद्राच्या मंजुरीनं देतं, रॉयल्टी राज्याला जाते. शेतकऱ्याला मिळतं ते जमिनीचं भाडं, पिकाची भरपाई. अमेरिकेत खालच्या खनिजाचा हक्क खासगी असू शकतो, तिथे काही शेतकरी विहिरीवर गब्बर झाले. आपल्याकडे शेजाऱ्याच्या वाट्याला धूर येतो, लाभ दूरवर जातो. ‘लोक पैशासाठी ओरडतात’ हा आरोप करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

गावाला विचारतात की नाही?

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान तीस दिवसांची नोटीस देतं, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवायचा असतो, आणि कोणीही उभं राहून बोलू शकतं. ती मतदान नव्हे. गाव एकमुखानं ‘नको’ म्हणालं तरी प्रकल्प मंजूर होऊ शकतो, पण आक्षेप कागदावर येतात आणि पुढे कोर्टात उपयोगी पडतात.

16 जानेवारी 2020 रोजी केंद्रानं यात एक बदल केला. तेल-वायूच्या शोधासाठीच्या विहिरी ‘बी-2’ या गटात टाकल्या. या गटाला पर्यावरण परिणाम अहवाल लागत नाही, जनसुनावणीही नाही. उत्पादनाच्या टप्प्याला ती राहिली. शोधविहिरी थोड्या आणि तात्पुरत्या असतात, ही बाजू मांडता येते. मला ती पटत नाही. खाली किती दाब आहे हे ठाऊक नसतं तेव्हाच ब्लोआउटची भीती जास्त असते, आणि शोधविहीर म्हणजे नेमका तोच टप्पा. शिवाय एकदा वायू सापडला, कोट्यवधी रुपये जमिनीत गेले, की नंतरच्या सुनावणीत ‘नको’ला किती वजन उरतं?

बागजानची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. आग लागल्यावर, 19 जूनला, राज्याच्या प्रदूषण मंडळानं ऑइल इंडियाला आवश्यक संमती न घेता काम केल्याचं कारण देऊन बंदची नोटीस काढली आणि काही दिवसांतच मागे घेतली.

‘अपघात क्वचितच होतात’

खरं आहे. पण जोखीम मोजताना शक्यता आणि नुकसान दोन्ही पाहावी लागतात. 8 जानेवारी 1995 रोजी आंध्रातल्या पासरलापुडी इथली ओएनजीसीची विहीर पेटली, ती 65 दिवस जळत होती. तिथून बागजानपर्यंत पंचवीस वर्षं लोटली, तरी विहीर बंद करायला तज्ज्ञ परदेशातूनच आणावे लागले आणि 65 चे 173 दिवस झाले. अपघात कमी झाले असतील, सावरण्याची तयारी वाढलेली दिसत नाही.

‘विहिरी आधीच्या, घरं नंतरची’

काही ठिकाणी हे बरोबर असतं. शहर वाढतं आणि जुन्या तेलक्षेत्राला जाऊन भिडतं. पण त्यानं प्रश्न सुटत नाही, तो नगररचनेकडे सरकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फायरस्टोन या गावी 17 एप्रिल 2017 रोजी एका नव्या घरात स्फोट होऊन दोघं मृत्युमुखी पडले. विहीर आधीची, घर नंतरचं. वापरात नाही असं समजून कापलेली एक नळी विहिरीला जोडलेलीच राहिली होती आणि वायू तळघरात झिरपत होता. घर घेणाऱ्याला जमिनीखालच्या नळीची माहिती मिळणार कुठून? बंद विहिरी आणि जुन्या नळ्यांचे नकाशे सातबाऱ्याइतके सहज बघायला मिळाले पाहिजेत.

मग किती अंतर सुरक्षित?

याला एक उत्तर नाही. कोलोरॅडोनं 2020 मध्ये घरं आणि नव्या विहिरींत साधारण 2,000 फुटांचं अंतर ठरवलं. कॅलिफोर्नियाचा 2022 चा कायदा 3,200 फुटांचा, म्हणजे पाऊण किलोमीटरहून जास्त. त्याला तेल कंपन्यांनी सार्वमताचं आव्हान दिलं, 2024 मध्ये ते मागे घेतलं. आपल्याकडच्या दाट वस्तीत एवढं अंतर पाळायचं तर पुष्कळ जागा बादच होतील, हे मान्य करावं लागेल. त्यावर तांत्रिक उपायही आहे: विहीर एका जागी खोदून खाली तिरपी वळवतात आणि काही किलोमीटर दूरचा साठा गाठतात. खर्च वाढतो. हेच तंत्र वापरून डिब्रू-सैखोवा उद्यानाखाली सात विहिरी पोचवायला 11 मे 2020 रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली होती, बागजान फुटण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी.

आणि काही परिणामांना अंतर लागूच पडत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचं प्रचंड वायुक्षेत्र 1959 मध्ये सापडलं. दशकानुदशकं वायू काढल्यावर खालचे थर दबले आणि भूकंप व्हायला लागले. 16 ऑगस्ट 2012 चा धक्का 3.6 रिश्टरचा. आकडा किरकोळ वाटतो, पण तो उथळ होता. विटांच्या हजारो घरांना तडे गेले. 1 ऑक्टोबर 2023 पासून तिथलं उत्पादन थांबवलं. त्याच वर्षी तिथल्या संसदीय चौकशीनं म्हटलं की लोकांच्या हिताकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं.

‘देशाला तेल नको का?’

हवं आहे. आपण कच्च्या तेलाचा 85 टक्क्यांहून जास्त वाटा आयात करतो. पण यावरून फार तर ‘विहिरी खोदा’ असं निघतं, ‘शेजाऱ्याला न विचारता खोदा’ असं निघत नाही. बागजानसाठी लवादानं ऑइल इंडियाला सुरुवातीलाच 25 कोटी रुपये जमा करायला लावले. जळालेल्या घरांना प्रत्येकी 25 लाखांची अंतरिम भरपाई ठरली. त्याशिवाय वाया गेलेला वायू आणि विहीर बंद करण्याचा खर्च वेगळाच. सिमेंट पक्कं होईपर्यंत थांबणं यापुढे फुकटच पडलं असतं.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे येतो?

विहिरी समुद्रात असल्या तरी वायू किनाऱ्यावर उरणलाच येतो. 3 सप्टेंबर 2019 रोजी सकाळी तिथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात पावसाळी पाण्याच्या गटारात आग भडकून चौघांचा मृत्यू झाला. त्यात तिघं औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. उरणच्या लोकांना भोंगा, वास आणि फ्लेअर यांची सवय आहे. उरलेल्या महाराष्ट्राचा संबंध येतो तो वाहिन्यांमधून. दहेज-उरण, दाभोळ-बंगळूर अशा वायुवाहिन्या शेतांखालून गेल्या आहेत.

त्यासाठी 1962 चा पेट्रोलियम वाहिनी कायदा आहे. त्यात जमीन संपादित होत नाही, फक्त ‘वापराचा हक्क’ घेतला जातो. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पीकही घेता येतं. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तलाव खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. नुकसानभरपाईशिवाय मोबदला मिळतो तो अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या 10 टक्के. अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. तुमच्या गावात मोजणीची माणसं दिसली तर आधी गट नंबर त्या अधिसूचनेत आहे का ते तलाठ्याकडून पाहून घ्या, आणि हरकतीत वाहिनी घरापासून किती मीटरवर आहे, झडपेचं ठाणं कुठे येणार आहे, आणीबाणीत गावातल्या कोणाला फोन येणार आहे, हे तिन्ही प्रश्न लिहून पोच घ्या.